दोन पाडवे आणि एक बटण

दोन वर्षांपूर्वी सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आल्या होत्या. दिवाळी आठवड्यावर आली होती. फराळाचे डबे निम्मे भरले होते आणि त्या दिवशी दहीवड्यांसाठी उडदाची डाळ वाटायला घेतली होती. वाटता वाटता त्या म्हणाल्या, "अगं, या ग्राइंडरला हात लावला की मुंग्या येतात बघ."

मी लाडू वळत होते. मान वर न करता म्हटलं, "इथे असंच होतं, आई. हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी होते. दाराच्या मुठीला हात लावला तरी चट्‌कन बसतं. काही नाही होत."

त्यांनी विश्वास ठेवला. सून आठ वर्षं इथे राहिलेली, एम.ए. झालेली, शाळेत शिकवलेली. तिला माहीत असणारच! पुढचे तीन दिवस त्या ग्राइंडरला हात लावताना पदराचं टोक मध्ये धरत होत्या, हे माझ्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी माझी सहा वर्षांची लेक ओट्याजवळ स्टूल ओढत म्हणाली, "आजी, मला पण दाखव ना, ग्राइंडर गुदगुल्या कशा करतो ते."

तेव्हा मी लाडू बाजूला ठेवले आणि स्वतः हात लावून पाहिला. एक हात ग्राइंडरच्या स्टीलवर आणि दुसरा, अगदी सहज, सिंकच्या नळावर. कोपरापर्यंत झणझणलं. दाराच्या मुठीसारखं एकदाच चट्‌कन बसून संपलं नाही. हात होता तोवर ते चालूच राहिलं. मी हात झटकला, भिंतीवरचा स्विच बंद केला, प्लग उपटला आणि लेकीला उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं. नंतर बराच वेळ माझे हात थरथरत होते. ते विजेमुळे नव्हतं.

हात लावून पाहायची ती माझी दुसरी चूक होती. शंका आलेल्या उपकरणाला हात लावायचा नसतो, स्विच बंद करून प्लग काढायचा असतो. पण हा लेख त्या ग्राइंडरबद्दल नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, त्याने जिन्याखालच्या कपाटातल्या डब्याचं एक बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ते 'काहीच झालं नाही' म्हणजे काय, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काहीच झालं नाही

आमचं घर भाड्याचं. एजंटला फोन केल्यावर त्याने पाठवलेला इलेक्ट्रिशियन एक पंजाबी गृहस्थ निघाला, त्यामुळे सासूबाईंशी त्याचं हिंदीत लगेच जमलं. त्याने आधी ग्राइंडर पाहिला. आम्ही तो भारतातून, सुटकेसच्या अर्ध्या वजनावर पाणी सोडून आणलेला. त्याच्या तीन गोल पिनांच्या प्लगला एक स्वस्तातला 'ऑल इन वन' अडॅप्टर लावून आम्ही तो इथल्या सॉकेटात खुपसत होतो. इलेक्ट्रिशियनने अडॅप्टर हातात फिरवून दाखवला. प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, आत जिथे जात होती तिथे धातूचा स्पर्शच नव्हता. नुसतं प्लॅस्टिकचं भोक. मोटरजवळची एक वायर ओलाव्याने खराब झाली होती, थोडी वीज स्टीलच्या अंगावर येत होती आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ती वाट सासूबाईंनी दिली. मग मी दिली. तिसरी लेक देणार होती.

मग तो जिन्याखाली गेला. तिथल्या डब्याला इथे कन्झ्युमर युनिट म्हणतात, आपण फ्यूज बॉक्सच म्हणतो. त्यातल्या एका रुंद खटक्यावर 'टी' लिहिलेलं चिमुकलं बटण होतं. त्याने ते दाबलं. खटका पडायला हवा होता. पडला नाही. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. मग त्याने आपलं मापाचं यंत्र जोडून पाहिलं. तो खटका मेलेला होता. घरातले दिवे लागत होते, फ्रिज चालत होता, डबा बाहेरून नवाकोरा दिसत होता. पण माणसाचा जीव वाचवण्यासाठी जो भाग बसवलेला असतो, तो किती दिवसांपासून बंद होता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी घाईघाईने कागद काढून दाखवले. आम्ही चार वर्षांपूर्वी या घरात आलो तेव्हाचा तपासणी अहवाल, त्यावर 'समाधानकारक' हा शेरा. तो म्हणाला, "जी, त्या दिवशी समाधानकारक असेलच. त्यानंतर बटण कुणी दाबलं?"

कुणीच नाही. त्या डब्याच्या झाकणावर स्टिकर होतं आणि दर सहा महिन्यांनी बटण दाबा असं त्यावर स्वच्छ छापलेलं होतं. चार वर्षं मी त्याच कपाटातून व्हॅक्यूम क्लीनर काढत होते. विद्यार्थ्यांना 'आधी प्रश्न नीट वाचा' असं शंभरदा सांगणारी मी, ते स्टिकर एकदाही वाचलं नव्हतं.

डब्यात कोण कोण राहतं

मी शाळेत मराठी शिकवायची. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण त्या दिवसानंतर मी त्या गृहस्थांना चहा देऊन देऊन प्रश्न विचारले, मग वाचलं. जे समजलं ते असं.

डब्यात साधारण तीन प्रकारचे खटके असतात. एक मेन स्विच. दुसरे अरुंद, ओळीने बसलेले खटके म्हणजे एमसीबी. त्यांच्यावर बी६, बी१६, बी३२ असे आकडे असतात. दिव्यांना ६ अँपिअर, पाण्याच्या इमर्शन हीटरला बहुधा १६, सॉकेटांच्या रिंगला ३२. तिसरा रुंद खटका म्हणजे आरसीडी. त्यावर ३० एमए, म्हणजे ३० मिलिअँपिअर, असं लिहिलेलं असतं आणि त्याला ते टेस्टचं बटण असतं. नव्या डब्यांत कधी कधी दोन्ही कामं एकाच खटक्यात असतात, त्याला आरसीबीओ म्हणतात. तिथे प्रत्येक खटक्याला स्वतःचं बटण.

एमसीबी राखतो भिंतीतल्या वायरला. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. जास्त वीज वाहिली की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. हा पहारेकरी सावकाश चालतो. दुसरं एक तारेचं वेटोळं. शॉर्टसर्किट झालं की त्याचं क्षणात लोहचुंबक होतं आणि ते खटका ओढून पाडतं. बी प्रकारच्या खटक्यात हे नेमलेल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पट प्रवाह झाला की होतं.

आता मुख्य गोष्ट. ३२ अँपिअर म्हणजे ३२,००० मिलिअँपिअर. माणसाला साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर प्रवाह थोडा वेळ शरीरातून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे माणसाचा जीव घेणारा प्रवाह एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. त्याच्या हिशेबी कुणीतरी एक छोटा दिवा लावला, एवढंच. 'आमच्याकडे एमसीबी आहेत, काळजी नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण वायरीबद्दल बोलत असतो, माणसांबद्दल नाही.

माणसाला राखतो आरसीडी. त्याचं काम एखाद्या काटेकोर हिशेबनीसासारखं. जितकी वीज एका वायरने घरात गेली तितकी दुसऱ्या वायरने परत आली का, एवढंच तो सतत मोजतो. ३० मिलिअँपिअरचा फरक आला, म्हणजे वीज भलत्याच वाटेने, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत चालली आहे, की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत खटका पाडतो. फरक पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

इथे मी एक शंका विचारली होती. मग सासूबाईंना मुंग्या आल्या तेव्हा चांगला आरसीडी असता तर तो पडला असता का? उत्तर प्रामाणिक होतं: कदाचित नाही. मुंग्या येण्याइतका प्रवाह ३० पेक्षा पुष्कळ कमी असू शकतो. पण ओलावा वाढला असता, बिघाड वाढला असता, ओल्या हाताने लेकीने ग्राइंडर घट्ट धरला असता, तर पडायला हवा होता. आणि आमचा पडला नसता.

तो मेला कसा? न वापरल्याने. आतले नाजूक भाग वर्षानुवर्षं हललेच नाहीत, तर धूळ बसून आणि वंगण घट्ट होऊन ते जागच्या जागी धरतात. आजीच्या कपाटाची न उघडलेली कडी गंजते तसंच. बटण दाबल्याने तो आतून हलतो. म्हणजे ती नुसती परीक्षा नाही, ती त्याची कसरतही आहे.

भारतातून आणलेला मिक्सर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात भारतातून आणलेला मिक्सर आहे. दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे तो इथे उत्तम चालतो. चटणी वाटावी तर त्यानेच, याबद्दल माझंही दुमत नाही. प्रश्न प्लगचा आहे.

इथल्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये एक छोटा फ्यूज असतो. तो शोभेचा नाही. इथल्या रिंगवरचा खटका ३२ अँपिअरचा, आणि मिक्सरची वायर त्यामानाने बारीक. ती वायर जळेपर्यंत ३२ चा खटका तसाच उभा राहू शकतो. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये त्या त्या वायरीपुरता छोटा रखवालदार ठेवलेला असतो, ३, ५ किंवा १३ अँपिअरचा. बिनफ्यूजचा, बिनअर्थिंगचा अडॅप्टर लावला की आपण एका झटक्यात दोन्ही रखवालदार रजेवर पाठवतो.

७५० वॉटच्या मिक्सरला सव्वातीन अँपिअरच्या आसपास वीज लागते. आमच्या इलेक्ट्रिशियनने मिक्सरचा प्लग कापून इथला प्लग आणि ५ चा फ्यूज बसवून दिला. हे त्याच्याकडूनच करून घ्या. आपल्याकडच्या वायरी पुष्कळदा लाल, काळी आणि हिरवी, इथल्या तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. 'काळी म्हणजे काय बरं?' हा विचार प्लग उघडून बसल्यावर करायचा नसतो. ग्राइंडर मात्र आम्ही टाकून दिला. सासूबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनीच तो उचलून दारापर्यंत नेला.

खटका पडला तर

आता उलट प्रसंग. दिवाळीत घरात वीस माणसं, आणि खटका पडतो. सगळे ओरडतात, कुणीतरी काका मोबाइलचा दिवा घेऊन जिन्याखाली जातात आणि खटका वर करतात. पुन्हा पडतो, पुन्हा वर करतात. मीही हे केलेलं आहे.

आधी कोणता खटका पडला ते बघायचं. अरुंद म्हणजे एमसीबी पडला असेल तर बहुधा बोजा जास्त झालाय. हिशेब सोपा आहे. वॉटला २३० ने भागलं की अँपिअर. किटली ३०००, कपडे वाळवायचं यंत्र २५००, पाणी तापवत असलेलं वॉशिंग मशीन २२००, एअर फ्रायर १६००. झाले ९३०० वॉट, म्हणजे ४० अँपिअर. ३२ चा खटका एवढं काही वेळ सोसतो, कारण ती पट्टी सावकाश तापते. त्यात पाहुण्यांच्या खोलीत २००० वॉटचा हीटर लागला की ४९ अँपिअर, आणि मग तासाभराच्या आत खटका पडणारच. 'आत्तापर्यंत तर सगळं चाललं होतं' असं वाटतं ते यामुळे. अशा वेळी दोन यंत्रं बंद करायची, खटका वर करायचा आणि गप्पा पुढे चालू. पण वर करताक्षणी तो फाटकन पडत असेल तर ते शॉर्टसर्किट असू शकतं. पुन्हा वर करू नये.

आणखी एक. एक्स्टेन्शन बोर्डाला चार भोकं असली तरी तो सगळा मिळून १३ अँपिअरचाच, म्हणजे ३००० वॉटच्या आत. त्यावर हीटर आणि किटली एकत्र नको. आणि गुंडाळीचा एक्स्टेन्शन पूर्ण उलगडूनच वापरायचा, नाहीतर गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

रुंद म्हणजे आरसीडी पडला असेल तर गळती आहे. त्याच्या हाताखालचे सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीडी वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याने आरसीडी पुन्हा पडेल, दोष त्याच्या वाटेवर. मग त्या वाटेवरचे सगळे प्लग काढायचे, आणि एकेक लावून बघायचं. बहुतेक वेळा चोर एखादी जुनी किटली, इस्त्री किंवा बाहेर पावसात भिजलेली दिव्यांची माळ निघते. काहीच न लावताही पडत असेल तर इलेक्ट्रिशियन.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. वारंवार पडतो म्हणून मोठ्या आकड्याचा खटका बसवायचा नाही. खटका टेप लावून धरून ठेवायचा नाही. आणि डब्याचं स्क्रूचं झाकण उघडायचं नाही. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत वीज जिवंतच असते. आपली हद्द बाहेरच्या दारापर्यंत. तिथूनही डोळे, नाक आणि कान वापरता येतात. जळका किंवा मासळीसारखा वास, कुरकुर आवाज, एखाद्या खटक्याभोवती पिवळटलेलं प्लॅस्टिक, हाताला लागणारा चटका, यांपैकी काहीही जाणवलं तर थांबायचं नाही. आत स्क्रू सैल झाला की जोड तापतो, आणि डब्यालाच आग लागू शकते. अशा आगींमुळेच २०१६ च्या जानेवारीपासून इथे घरात बसणारे नवे डबे धातूसारख्या न जळणाऱ्या वस्तूचे असावे लागतात. तुमचा डबा प्लॅस्टिकचा असेल तर तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण त्याच्याभोवती रद्दी, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल रचू नका. मी हे जिन्याखालचं कपाट आठवून लिहिते आहे.

कागद कुणाचा, काम कुणाचं

इंग्लंडमध्ये भाड्याच्या खाजगी घरांतली वायरिंग निदान दर पाच वर्षांनी तपासून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे. नव्या करारांना जुलै २०२० पासून आणि चालू करारांना एप्रिल २०२१ पासून हा नियम लागू झाला. अहवालाची प्रत भाडेकरूला मिळायला हवी. ती मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. अहवालात सी१ म्हणजे आत्ता धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारणा केल्यास बरं. सी१ किंवा सी२ असेल तर २८ दिवसांच्या आत, आणि अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दुरुस्ती व्हायला हवी. स्वतःचं घर असेल तर साधारण दर दहा वर्षांनी, आणि जुनं घर विकत घेताना तर आधीच, तपासणी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो. काम करणारा माणूस नोंदणीकृत आहे ना, एवढं विचारावं.

पण पाच वर्षांतून एकदा येणारा माणूस मधल्या काळात आपल्यासाठी बटण दाबायला येत नाही. तेवढं काम आपलं.

ते असं करायचं. घरातल्यांना आधी सांगायचं. संगणक बंद करायचा, कुणी जिन्यावर नाही ना ते पाहायचं, काम दिवसाउजेडी करायचं. वीज चालू असतानाच टेस्टचं बटण दाबायचं, कारण वीज नसेल तर ते बटण काही करत नाही. खटका ताडकन खाली आला पाहिजे. आला की खात्री करायची, त्या बाजूचं सगळं बंद झालं ना. मग खटका पूर्ण खाली दाबून वर करायचा. आरसीडी दोन असतील तर दोन्हींना हेच, आरसीबीओ असतील तर प्रत्येकाला. शेवटी फ्रिज, फ्रीझर आणि बॉयलर पुन्हा सुरू झाले ना, ते पाहायचं. सगळी मिळून पाच मिनिटं. खटका पडला नाही किंवा वर राहत नाही, तर इलेक्ट्रिशियन, त्याच दिवशी. या बटणाने खटका हलतो की नाही एवढंच कळतं. तो किती वेगाने हलतो आणि घराचं अर्थिंग ठीक आहे की नाही, हे कळायला यंत्र लागतं. म्हणून तपासणीही हवीच.

दर सहा महिन्यांनी म्हणजे नेमकं कधी? लक्षात कसं राहायचं? तोडगा सासूबाईंनी काढला. "पाडवे दोन आहेत ना," त्या म्हणाल्या. "एक गुढीचा, एक दिवाळीचा. गुढी उभारली की बटण, ओवाळून झालं की बटण." मधलं अंतर एकदा सहाच्या थोडं पुढे आणि एकदा थोडं मागे जातं, पण चालतं. ज्यांना पाडवे लक्षात राहत नाहीत त्यांनी घड्याळं मागेपुढे होतात ते दोन रविवार धरावेत.

आणि तिकडचं घर

सासूबाई मार्चमध्ये परत निघाल्या तेव्हा बॅगेत चॉकलेटं होती आणि डोक्यात हा डबा होता. आमचं गावाकडचं घर जुनं. पूर्वी तिथे चिनी मातीचे फ्यूज होते. फ्यूज उडाला की सासरे त्यात तांब्याची तार गुंडाळायचे, आणि पुन्हा उडू नये म्हणून दोन पदर जास्त गुंडाळायचे. 'पक्कं काम' असं ते अभिमानाने म्हणायचे. त्या काळी सगळ्यांच्याच घरी अशी पक्की कामं होती. पुढे नूतनीकरणात एमसीबी आले. पण गळती ओळखणारं यंत्र नव्हतंच. तिकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, वायरमनच्या तोंडी ईएलसीबी. न्हाणीघरात गीझर, तो बंद पडला तर बादलीत पाणी तापवायचा रॉड, आणि राहणारी दोनच माणसं, दोन्ही सत्तरीच्या पुढची.

सासूबाईंनी ते यंत्र बसवून घेतलं. आणि ते रोज पडायला लागलं. सकाळी पाणी तापायला लावलं की पाच मिनिटांत सगळं घर अंधारात. सासरे वैतागले. वायरमन आला आणि म्हणाला, "काकू, जुन्या घरांना हे चालत नाही. मी बायपास करून देतो, कटकट संपेल."

फोनवर हे सांगताना सासूबाईंचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. त्या त्याला म्हणाल्या होत्या, "अरे बाळा, पडतंय म्हणजे काम करतंय. ते काढायचं नाही. आधी कुठे गळतंय ते शोध."

त्याने शोधलं. गीझरचं कॉइल फुटलेलं होतं. वीज पाण्यात उतरत होती. गीझर अर्थिंगला जोडलेला होता म्हणून इतके दिवस निभावलं, आणि त्या अर्थिंगची वायर, वायरमनच्याच शब्दांत, "एका धाग्यावर" लोंबत होती. तो धागा तुटता तर पुढची वाट नळाखाली हात धरणाऱ्या माणसातून होती.

सासऱ्यांनी त्यानंतर 'कटकट' हा शब्द वापरलेला नाही. त्या यंत्रावर दर महिन्याला बटण दाबा असं लिहिलंय, म्हणून आता ते दर महिन्याच्या एक तारखेला चष्मा लावून ते दाबतात आणि कॅलेंडरवर खूण करतात.

या अंकाचे वाचक दोन्हीकडे आहेत. इथल्यांना विनंती अशी की हा लेख वाचून झाला की जिन्याखाली जाऊन या. आणि रविवारी आईबाबांना फोन कराल तेव्हा गुडघ्यांची चौकशी झाल्यावर हाही प्रश्न विचारा: गीझरला अर्थिंग आहे ना, आणि डब्यात बटणवाला खटका आहे का? तिकडच्या वाचकांना विनंती अशी की खटका सारखा पडतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. आणि कधीच पडत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

आमच्याकडे दिवाळी पाडव्याला ओवाळणं झालं की लेक स्टूल ओढते. मी खाली उभी असते. ती बटण दाबते, खटका ताडकन पडतो, घर क्षणभर गप्प होतं. फक्त पणत्या तेवत असतात. मग ती खटका वर करते. तेवढ्यात तिकडून फोन येतो. हॅपी दिवाळीच्या आधी सासूबाई विचारतात, "दाबलंस का गं?"